लायब्ररीतलं वाचन चॅलेंज: चार वर्षांच्या पोराला आणि सत्तरीच्या आजींना एकच कार्ड कसं चालेल?

उघडंपान

मंडळी, आमच्या सार्वजनिक लायब्ररीत सुट्टीत वाचन चॅलेंज ठेवायचं चाललंय आणि मी त्या स्वयंसेवकांच्या गटात आहे. समोर आलेला प्रस्ताव असा की सगळ्या वयांना एकच कार्ड द्यायचं, वाचलेली पुस्तकं त्यावर लिहायची आणि शेवटी ज्याची संख्या सगळ्यात जास्त त्याला पहिलं बक्षीस, मग दुसरं, तिसरं. राबवायला सोपं आहे हे मान्य, पण मला ते अजिबात पटत नाहीये.

पुस्तकं नुसती मोजायची म्हटली की जाड पुस्तक घेणाऱ्याचा तोटा होतो. मूल शेल्फसमोर उभं राहून पुस्तकाची जाडी बघायला लागतं, आत काय आहे ते बघतच नाही. आणि पहिला-दुसरा-तिसरा लावला की जो आधीपासूनच धडाधड वाचतो तोच जिंकणार हे सगळ्यांना पहिल्याच आठवड्यात कळतं, मग ज्याच्यासाठी खरं तर हा खटाटोप आहे तो अडखळत वाचणारा मुलगा गुपचूप गळतो, आणि तो गळला हे कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही.

ब्रिटनमध्ये १९९९ पासून तिथल्या सार्वजनिक लायब्ररींमध्ये उन्हाळ्यात चॅलेंज चालतं, ४ ते ११ वयोगटासाठी, रीडिंग एजन्सी ही संस्था ते चालवते. त्यात वर्षानुवर्षं लक्ष्य होतं फक्त सहा पुस्तकं. सहाच! कथा, माहितीचं पुस्तक, विनोदांचं, कॉमिक, ऑडिओबुक, काहीही चालतं, नंबर काढत नाहीत, जो पूर्ण करेल त्याला प्रमाणपत्र. हल्ली तर मुलं आपलं लक्ष्य आपणच ठरवतात. मला हाच धागा पकडून पुढे जायचंय, पण आमच्याकडे मांडीवरच्या बाळांपासून काठी टेकत येणाऱ्या वाचकांपर्यंत सगळेच असणार आहेत. तर कुठल्या वयाला काय मोजावं, काय मोजू नये, हे अनुभव असणाऱ्यांनी सांगा प्लीज. पुढच्या मीटिंगमध्ये मुद्दे मांडायचेत.

चष्मेवाली

अगदी छोट्यांबद्दल मी लिहिते कारण तो माझा जिव्हाळ्याचा विषय आहे.

अमेरिकेतल्या बऱ्याच लायब्ररी 'शाळेत जायच्या आधी हजार पुस्तकं' असा उपक्रम चालवतात. हजार ऐकून छातीत धडकी भरते, पण हिशोब करा, रोज रात्री एक धरलं तरी तीन वर्षांत १,०९५ होतात. आणि त्यातली सगळ्यात चांगली गोष्ट ही की तेच पुस्तक पुन्हा वाचलं तरी ते मोजतात. हे फार महत्त्वाचं आहे हो. दोन-अडीच वर्षांचं मूल एकच पुस्तक दिवसातून चार वेळा आणून मांडीवर आदळतं, आपल्याला कंटाळा येतो पण त्याचं काम चालू असतं. आधी ते नुसती चित्रं बघतं, मग पान उलटायच्या आधीच पुढच्या पानावरचा आवाज काढतं, मग एक दिवस आपण मुद्दाम एखादा शब्द गाळला की ते आपल्याला थांबवून तो शब्द भरतं. त्या दिवशी कार्डावर नवीन पुस्तक एकही नसेल पण वाचन भरपूर झालेलं असतं.

म्हणून या वयात पुस्तकांची संख्या बाजूला ठेवा आणि कार्डावर कृती छापा. चित्रातला प्राणी शोधला, गाणं म्हटलं, 'आता पुढे काय होईल?' असं विचारलं, आजीने वाचलं, बाबाने वाचलं. आई सोडून बाकीच्यांनी वाचल्याचे चौकोन नक्की ठेवा, नाहीतर सगळं कार्ड आईच्याच गळ्यात पडतं.

आणि पुठ्ठ्याची पुस्तकं चावलेली परत येणार, ते काउंटरवर आधीच मान्य करून टाका. चावलेल्या पुस्तकावरून एकदा आईबापांना बोलणी बसली की ते कुटुंब परत येत नाही.

तिरकीरेघ

बक्षिसांच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता, बालवाडीतल्या मुलांवर. ज्यांना मार्करने चित्रं काढायला मनापासून आवडायचं अशी मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर रिबिनवालं सर्टिफिकेट मिळेल, काहींना न सांगता नंतर अचानक दिलं आणि काहींना काहीच नाही. थोड्या दिवसांनी वर्गात मार्कर पुन्हा ठेवले तेव्हा आधी कबूल केलेल्या गटातली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत बसली. अचानक मिळालेल्यांची आवड मात्र शाबूत होती.

हा प्रयोग चित्रांचा, पण वाचनावरही झालाय. मॅरिनाक आणि गॅम्ब्रेल यांनी २००८ मध्ये तिसरीतल्या मुलांवर बघितलं, बक्षीस म्हणून पुस्तक मिळालेली मुलं पुढेही वाचनाकडे वळली, किरकोळ खेळणीवजा वस्तू मिळालेली त्यामानाने कमी. म्हणजे बक्षीस द्यायचंच तर पुस्तक द्या, आणि ते कुठलं हे मुलाला निवडू द्या.

रातकिडा

मी थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नका. स्पर्धा एवढी वाईट असते का? मला लहानपणी शर्यतीमुळेच वाचनाची गोडी लागली, दुसऱ्या मुलाच्या पुढे जायचं म्हणून मी वाचत सुटलो आणि वाचता वाचता आवडायला लागलं. आता स्टिकरही नको, नंबरही नको, बक्षीसही नको म्हटलं तर चॅलेंजमध्ये चॅलेंज काय उरलं? मुलांना स्टिकर आवडतात हो. मोठ्यांनाही आवडतात, फोनवर रोजची पावलं मोजणारे आपणच ना.

बालविभाग

@रातकिडा, राग कसला, हा प्रश्न दरवर्षी निघतो. मी लायब्ररीच्या बालविभागात काम करते आणि तुमच्याशी अर्धी सहमत आहे. स्टिकर खुशाल द्या. स्टिकर म्हणजे 'तू आलास, आम्ही बघितलं' एवढंच, आणि मुलाला ते हवं असतं. माझा आक्षेप आहे तो भिंतीवर नावं लावून त्यापुढे चांदण्या चिकटवायच्या तक्त्याला. एका लायब्ररीत मी तो जवळून बघितलाय. ज्या मुलाच्या नावापुढे एकच चांदणी असायची तो त्या भिंतीकडे पाठ करून बसायचा, नंतर त्याची आई एकटीच पुस्तकं बदलायला येऊ लागली. तुमच्यासारखी शर्यतीने पेटणारी मुलं असतात, नक्की असतात, पण ती तक्त्याशिवायही आपापसात शर्यत लावतातच. जे मागे पडतात त्यांच्यासाठी तक्ता उतरवा.

शर्यत हवीच असेल तर सगळ्यांची मिळून एक ठेवा. अख्ख्या लायब्ररीने मिळून सुट्टीत अमुक इतकी मिनिटं वाचायची, भिंतीवर एक मोठं झाड, प्रत्येकाच्या वाचनाचं एक पान त्यावर, पानावर नाव नाही. त्यात दोन पानं लावणारासुद्धा झाडाकडे बोट दाखवून 'आपलं' म्हणतो.

आता पाच ते आठ वयाचं सांगते. या वयात मिनिटं मोजा, पुस्तकं नको. रोज १५-२० मिनिटं पुरे, त्यात कुणी वाचून दाखवलेलंही धरा, कारण सहा वर्षांच्या मुलाला कळणारी गोष्ट आणि त्याला स्वतःला वाचता येणारी गोष्ट यात खूप अंतर असतं. फक्त स्वतः वाचलेलंच धरलं तर ते बिचारं 'कमल नमन कर' छापाच्या वाक्यांत अडकून पडतं.

पुस्तक जमेल का हे मुलाला स्वतःला कळावं म्हणून पाच बोटांची युक्ती शिकवा. मधलंच एखादं पान उघडायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट वर, पाचही बोटं वर गेली तर हे सध्या एकट्याने वाचायला जड आहे. पण ते निवड सोपी करण्यापुरतंच. डायनोसॉरचं जाडजूड पुस्तक पाच बोटं वर गेली तरी घरी न्यायचंच असेल तर नेऊ द्या हो, तो चित्रांखालच्या ओळी वाचेल आणि उरलेलं कुणाकडून तरी वाचून घेईल.

आणि पडताळणीचं भूत डोक्यातून काढा. प्रश्नपत्रिका नको, सारांश लिहून आण हे तर नकोच नको. मूल पुस्तक परत करायला आलं की मी फक्त विचारते, 'यातलं कोण तुला घरी राहायला आलेलं चालेल?' परवा एक मुलगी म्हणाली, कुणीच नको, सगळे भांडतात, पण तो म्हातारा कासव चालेल कारण तो जागा कमी घेतो. तिने पुस्तक वाचलंय की नाही याची मला आणखी काय खात्री हवी?

नऊ ते बारा वेगळं प्रकरण आहे. त्यांना आकडे आवडतात पण आपले आपण ठरवलेले. काउंटरवर नाव नोंदवतानाच विचारा, तुझं लक्ष्य काय? कुणी तीन म्हणेल, कुणी तीस. दोघांच्या कार्डावर शिक्का तोच. मालिकेतली पुस्तकं ओळीने वाचली तर तोंड वाकडं करू नका, ओळखीच्या जगात परत परत जाऊनच त्यांचा वेग वाढतो. कॉमिकलाही पूर्ण मान.

चष्मेवाली

'जागा कमी घेतो' फारच गोड!

एक भर घालते. मोठ्याने वाचायला लाजणाऱ्या मुलांसाठी अमेरिकेत युटामधल्या सॉल्ट लेक सिटीत १९९९ मध्ये कुत्र्यांना वाचून दाखवायचा उपक्रम सुरू झाला, शिकवलेले शांत कुत्रे आणि त्यांच्यासोबत त्यांचा माणूस. कुत्रा चूक काढत नाही. सगळ्यांना कुत्रा जमणार नाही पण चॅलेंजमध्ये 'धाकट्या भावंडाला वाचून दाखवलं' किंवा 'खेळण्यातल्या अस्वलाला वाचून दाखवलं' असा चौकोन तर कुठेही ठेवता येईल.

तिरकीरेघ

उघडंपान, मीटिंगमध्ये कुणी विचारलंच की लायब्ररीने हे का करायचं, ते शाळेचं काम आहे ना, तर बार्बरा हेन्सचा अभ्यास सांगा. अटलांटा शहरातल्या सहावी-सातवीच्या मुलांवर, १९७८ साली प्रसिद्ध झाला. सुट्टीतल्या प्रगतीशी सातत्याने जोडलेली गोष्ट निघाली ती मुलांनी केलेलं वाचन, आणि उन्हाळ्यात सार्वजनिक लायब्ररीचा वाटा इतर कुठल्याही सार्वजनिक संस्थेपेक्षा जास्त दिसला. लायब्ररी घराच्या जितकी जवळ तितकं वाचन जास्त, हेही त्यात आलं होतं.

फक्त 'सुट्टीत मुलं शिकलेलं सगळं विसरतात' असं सरसकट विधान करू नका. १९९६ च्या कूपर आणि सहकाऱ्यांच्या आढाव्यात साधारण महिन्याभराचं शिक्षण मागे पडतं असं म्हटलं होतं, पण हल्ली त्या मोजमापांवरच अभ्यासकांमध्ये वाद आहे. मुलं सुट्टीत वाचतात, त्याने त्यांचा फायदा होतो, एवढं पुरेसं आहे.

मांगावेडा

मी इथे बहुतेक सगळ्यात लहान असेन, अकरावीत आहे. आमच्या वयाबद्दल कुणी लिहिलंच नाहीये म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट, आमचं कार्ड बालविभागात ठेवू नका, कार्टूनवालं तर नकोच. ते घ्यायला मित्रांसमोर कोण जाणार? दुसरं, काय वाचलं हे कुणाला दाखवायची सक्ती नको. काही पुस्तकं माणूस स्वतःपुरती वाचतो, घरच्यांपासून, मित्रांपासून लपवून, कारण त्याला स्वतःबद्दल काहीतरी समजून घ्यायचं असतं. लायब्ररी ही अशी एक जागा आहे जिथे ते जमतं, ती जागा कार्डामुळे घालवू नका. नुसती टिक मारू द्या.

तिसरं, बिंगो कार्ड मस्त वाटेल, म्हणजे चौकोनांचं कार्ड, प्रत्येक चौकोनात एका प्रकारचं पुस्तक. जन्माच्या आधी छापलेलं पुस्तक, फक्त कव्हर बघून उचललेलं, दुसऱ्या भाषेतून आलेलं, आईने माझ्या वयात वाचलेलं, अर्धवट सोडलेलं. हो, अर्धवट सोडल्याचाही चौकोन हवा! मांगा (जपानी कॉमिक), वेबवरच्या कादंबऱ्या, ऑनलाइन वाचलेले लांब लेख सगळं धरा.

आणि आम्हाला काम द्या. लहान मुलांची नावनोंदणी, त्यांचं पुस्तकाबद्दलचं ऐकून घेणं हे आम्ही करू शकतो. मला स्वतःला बक्षिसापेक्षा ते जास्त आवडेल.

बालविभाग

@मांगावेडा, तुझा प्रतिसाद मी छापून आमच्या ऑफिसात लावणार आहे. गुप्ततेचा मुद्दा शंभर टक्के बरोबर, वाचकाने काय नेलं ही त्याची खाजगी गोष्ट आहे हे ग्रंथालयाच्या कामातलं जुनं तत्त्व आहे आणि चॅलेंजच्या उत्साहात नेमका त्याचाच विसर पडतो. आणि ब्रिटनच्या त्या चॅलेंजमध्ये तुझ्या वयाची मुलं स्वयंसेवक म्हणून हे काम करतातच. लहान मुलं आमच्यापेक्षा तुम्हालाच जास्त मोकळेपणी सांगतात.

रातकिडा

बरं, चांदण्यांच्या तक्त्याबद्दलचं पटलं मला. पण मोठ्यांचं काय? मोठी माणसं 'वर्षात पन्नास पुस्तकं' म्हणून जाहीर करतात आणि दुसऱ्या महिन्यात गायब होतात.

चष्मेवाली

मोठ्यांमध्ये दोन अगदी वेगळे गट आहेत आणि त्यांना एकत्र करू नये असं मला वाटतं.

एक म्हणजे वाचणारे, पण एकाच प्रकारचं वाचणारे. त्यांना संख्या नको, दिशा द्या. फिनलंडमध्ये हेलसिंकी परिसरातल्या लायब्ररींचं हेल्मेट नावाचं जाळं आहे, ते दरवर्षी ५० सूचनांचं चॅलेंज देतात, अमुक प्रकारचं पुस्तक, तमुक विषयावरचं. सगळ्या ५० करायची सक्ती नाही, पण आयुष्यभर फक्त रहस्यकथा वाचणारा माणूस त्यातूनच एखाद्या कवितासंग्रहापर्यंत पोचतो.

दुसरा गट म्हणजे शाळा सुटल्यापासून पुस्तक हातात न धरलेले, किंवा वाचताना दमणारे. आणि यांच्याबद्दल कुणीच बोलत नाही. ब्रिटनमध्येच यांच्यासाठी २००८ पासून 'सहा पुस्तकांचं चॅलेंज' सुरू झालं, आता त्याचं नाव 'रीडिंग अहेड' आहे. त्यात सहा वाचनं निवडायची, आणि वाचन म्हणजे मासिकातला लेख, कविता, वेबसाइट काहीही चालतं, डायरीत दोन ओळी लिहायच्या, शेवटी प्रमाणपत्र. चाळिशीतल्या माणसाच्या हातात वाचनाचं पहिलं प्रमाणपत्र पडणं ही छोटी गोष्ट नाही हो. तो घरी जाऊन ते मुलांना दाखवतो. या गटासाठी काउंटरवर आवाज हळू ठेवा, कार्ड इतरांसारखंच दिसू द्या, त्यावर 'नवसाक्षर' वगैरे काही छापू नका.

आणि सगळ्या मोठ्यांना एकत्र आणायचंच असेल तर सिएटलच्या लायब्ररीने १९९८ मध्ये केलं तसं, अख्ख्या शहराने एकच पुस्तक वाचायचं आणि मग त्यावर बोलायला जमायचं. ते पुढे जगभर पसरलं. प्रती मात्र भरपूर लागतात, रांग लागली की उत्साह मावळतो.

तिरकीरेघ

त्या सिएटलच्या उपक्रमामागच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा एक नियम इथे अगदी चपखल बसतो. पुस्तकाला ५० पानं द्या, नाही आवडलं तर सोडा. आणि वय पन्नाशीच्या पुढे असेल तर १०० मधून वय वजा करा, उरतील तेवढीच पानं द्या. म्हणजे सत्तरीला ३० पानं. आमच्याकडे एका वाचक गटात हा नियम सांगितला तेव्हा एक आजी एवढ्या खूश झाल्या, म्हणाल्या मी आजवर सगळी पुस्तकं शेवटपर्यंत ओढत नेली, कुणी सांगितलंच नाही सोडता येतात म्हणून.

ज्येष्ठांच्या कार्डात वेग अजिबात नको. मोठ्या टायपातली पुस्तकं, चांगला दिवा आणि पाठ टेकायला खुर्ची ही पूर्वतयारी आधी. ज्यांना जिना चढवत नाही त्यांना पुस्तक घरपोच द्यायला मांगावेडासारखी मुलं जोडून देता येतील. डोळ्यांनी वाचता न येणाऱ्यांसाठी ऑडिओ आणि ब्रेल दोन्ही धरा, २०१३ चा माराकेश करार मुळात त्यासाठीच झालाय की अशा वाचकांसाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती कॉपीराइटमध्ये न अडकता करता याव्यात.

२०१६ च्या एका अमेरिकन अभ्यासात पन्नाशीपुढच्या ३,६३५ लोकांमध्ये पुस्तकं वाचणाऱ्यांचा १२ वर्षांतला मृत्यूचा धोका न वाचणाऱ्यांपेक्षा सुमारे २० टक्के कमी दिसला होता. हे पोस्टरवर 'वाचा आणि दीर्घायुषी व्हा' म्हणून छापू नका, वाचनामुळेच आयुष्य वाढलं असं त्यातून सिद्ध होत नाही. पण आजी-आजोबांना आठवड्यातून एकदा लायब्ररीत यायला कारण मिळतं, चार माणसं भेटतात, हे आपण डोळ्यांनी बघतोच.

उघडंपान

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! सगळं उतरवून घेतलंय. आपले ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयांसाठी पाच नियम मांडले त्यातला 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक' हा मी मीटिंगमध्ये पहिलाच वाचून दाखवणार आहे, कारण एकच कार्ड सगळ्यांना हे त्याच्या बरोब्बर उलट आहे.

तर मी मांडणार आहे ते असं. बाळांच्या कार्डावर कृती, पुनर्वाचन धरलं जाईल, वाचून दाखवणाऱ्याचा शिक्का वेगळा. पाच ते आठला मिनिटं, ऐकलेलंही धरून. नऊच्या पुढे स्वतःचं लक्ष्य स्वतः. किशोरांना बिंगो, कार्ड मोठ्यांच्या विभागात, पुस्तकाचं नाव लिहायची सक्ती नाही, आणि ज्यांना हवं त्यांना स्वयंसेवकाचं काम. मोठ्यांना दोन पर्याय, सूचनांची यादी किंवा सहा वाचनं, दोन्ही एकाच रंगाच्या कार्डावर. ज्येष्ठांना वजाबाकीचा नियम कार्डाच्या मागे छापून. नंबर कुणाचाच नाही. भिंतीवर झाड. बक्षीस म्हणजे पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला, वय काहीही असो, आपल्या आवडीचं एक पुस्तक, आणि पैसे कमी पडले तर दान आलेल्या चांगल्या पुस्तकांच्या टेबलावरून निवड.

आणि माझी एक अट मी स्वतः घालणार आहे. चॅलेंज संपल्यावर किती पुस्तकं वाचली गेली याचा अहवाल नको, सुट्टी संपल्यानंतर दोन महिन्यांनीही किती जण पुस्तक न्यायला येतायत ते मोजूया. त्यासाठी कुणी काय वाचलं हे बघावं लागत नाही, लायब्ररीचं कार्ड वापरात आहे की नाही एवढंच पुरतं.

रातकिडा

हे मोजमाप आवडलं. झाडावर पानं लावायला मी येतो, उंच आहे, शिडी लागणार नाही.

एक शंका, ऑडिओबुक दीडपट वेगाने ऐकलं तर मिनिटं कुठली धरायची, पुस्तकाची की ऐकणाऱ्याची?

बालविभाग

ऐकणाऱ्याची. घड्याळात जेवढा वेळ गेला तेवढा लिहायचा. नाहीतर मुलं दुप्पट वेगावर लावून मोकळी होतील आणि एक अक्षर कळणार नाही. आणि मांगावेडा, नावनोंदणीच्या कामासाठी तुझ्या जवळच्या लायब्ररीत आत्ताच जाऊन विचार, सुट्टी सुरू झाल्यावर गेलास तर जागा भरलेल्या असतात.